दोन जणांपुरती गाडी

गिअरच्या मुठीवर, अंगठा टेकतो त्या ठिकाणी, एक जागा झिजून गुळगुळीत झाली होती. लांबी साधारण बारा मिलिमीटर, रुंदी नऊच्या आसपास. बाकी मुठीवरच्या काळ्या चामड्याचे बारीक दाणे शाबूत होते. तेवढ्याच जागी ते पुसले जाऊन चामडं खजुराच्या रंगाचं झालं होतं. तिने आपला अंगठा तिथे ठेवून पाहिला. तो चार-पाच मिलिमीटर अलीकडेच पडला. गाडीच्या मालकाचा हात तिच्या हातापेक्षा मोठा होता, एवढाच त्याचा अर्थ. तरी तिने अंगठा उचलला नाही.

मालक शेजारच्या सीटवर बसले होते. डोळ्यांचे डॉक्टर. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या डोळ्यांत उजेड टाकून पाहिलं आणि आता त्यांच्याच नजरेच्या मधोमध एक राखाडी ठिपका येऊन बसला होता. कडेचं सगळं दिसायचं, समोरचं तेवढं दिसायचं नाही. "म्हणजे रस्ता सोडून सगळं दिसतं," असं त्यांनी तिला दारातच सांगितलं होतं आणि स्वतःच हसले होते. म्हणून गाडी विकायची होती.

त्यांनी चष्म्याच्या दुकानात एक चिठ्ठी लावली होती. चष्म्याची निसटलेली दांडी बसवून घ्यायला गेलेली ती त्या चिठ्ठीपाशी अडकली. दोन जणांपुरती, उघड्या टपाची, गडद हिरवी गाडी. चांगल्या हाती द्यायची आहे. उगाच चौकशी करणाऱ्यांनी येऊ नये. चिठ्ठी तीनदा वाचून ती दुकानाबाहेर पडली आणि अर्ध्या तासाने परत येऊन फोन नंबर उतरवून घेतला. आपण उगाच चौकशी करणाऱ्यांतच मोडतो, याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

"काढा बाहेर," डॉक्टर म्हणाले. "क्लच जरा वर धरतो, सांभाळून."

गाडी चालवणं तिला नवं नव्हतं. नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. त्याची कामाची व्हॅन ती पंचवीस वर्षं चालवत आली होती. मागे तारेच्या दोरांची वेटोळी, ग्रीसचे डबे, अवजारांच्या पेट्या, आणि दर वळणाला त्या सगळ्यांचा खडखडाट. व्हॅनमध्ये माणूस खुर्चीवर बसल्यासारखा बसतो. इथे ती जणू रस्त्यातच बसली होती. डांबर कमरेपासून हातभर अंतरावरून मागे पळत होतं. स्टिअरिंग बोटभर वळवलं की गाडीचं नाक तेवढंच वळायचं, कमी नाही की जास्त नाही. नोकरीत आयुष्यभर तिने तराजूच्या काट्यांमधला ढिलेपणा शोधला होता. इथे तो नाही, हे तिच्या हातांना तिच्या आधी कळलं.

पाण्याच्या टाकीमागून एक रस्ता सात वळणं घेत टेकडीवर चढतो. तिसऱ्या वळणात शिरताना गाडीचं सगळं वजन बाहेरच्या दोन चाकांवर गेलं, क्षणभर तिथे थांबलं आणि वळण सुटताच शहाण्यासारखं परत आपल्या जागी आलं. हे गणित तिने कॉलेजात कागदावर सोडवलं होतं. पोटात कधी सोडवलं नव्हतं. तिच्या घशातून एक आवाज निघाला.

"खोकला?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," ती म्हणाली.

खोकला नव्हता. ते हसू होतं, पण इतक्या वर्षांनी निघालेलं की त्याला वाट सापडली नव्हती.

एकोणीस वर्षांची असताना ती एकदा बसथांब्यावर उभी होती. हातात प्रयोगवही, दुसऱ्या दिवशी परीक्षा. समोरच्या सिग्नलला अशीच एक बुटकी, उघडी गाडी येऊन थांबली. आत एक बाई, एकटी, पन्नाशीची असावी. केस रुमालाने बांधलेले. तिच्याजवळ सामान नव्हतं, पिशवी नव्हती, शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं. चेहऱ्यावर कुठे पोचायची घाई नव्हती. सिग्नल सुटला, गाडी गेली, आणि तिचा आवाज पुढच्या दोन चौकांपर्यंत ऐकू येत राहिला. बस आली तेव्हा ही चढायची विसरली. एवढंच घडलं होतं. त्याला आता सदतीस वर्षं झाली, पण अधूनमधून कुकरची शिट्टी मोजताना, रांगेत उभी असताना, नवऱ्याच्या बनियन्स वाळत घालताना तो आवाज कानाशी येऊन जाई, आणि मनात एक जागा रिकामी असल्याचं सांगून जाई. ती जागा तिने कुणाला दाखवली नव्हती. दाखवायची कशी, हा प्रश्नच होता. म्हणायचं काय, मला गाडीत बसून कुठेही न जाण्यासाठी जायचंय?

गॅरेजात परत आल्यावर डॉक्टरांनी इंजिनावर हात ठेवला, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा.

"मला हे विचारायचा अधिकार नाही, पण मी येणाऱ्या प्रत्येकाला विचारतो. कुणासाठी हवीय गाडी?"

"मिस्टरांसाठी," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात साठ पूर्ण होताहेत त्यांना."

इतक्या सहज म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं.

डॉक्टरांना उत्तर बरं वाटलं असावं. दुसरे एक गृहस्थ मागे लागलेत, असं त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे अशा अकरा गाड्या आहेत, मोठ्या शेडमध्ये, कापड घालून ठेवलेल्या, आणि प्रत्येकीची बॅटरी काढून कपाटात. ते रविवारी दुपारी येणार होते. "तुम्ही सकाळी सांगा. तोवर मी थांबतो. मिस्टर उंच आहेत का?"

"सहा फूट."

"हं," डॉक्टर म्हणाले, आणि घरचा नंबर लिहून घेतला. कागद त्यांनी डोळ्यांच्या कडेने, पक्षी बघतो तसा मान तिरकी करून वाचला.

*

आपण खोटं का बोललो, हे तिला परतीच्या बसमध्ये उमगलं. खोटं बोलायचा विचार नव्हताच. अंगवळणी पडलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं होतं.

त्यांच्या घरात एक कायदा होता. लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघं एका खोलीत राहायची, आणि दोघांनाही स्वतःवर खर्च करायचा भारी संकोच. ती कोटाशिवाय हिवाळा काढत होती; तो तळ फाटलेल्या बुटांत पुठ्ठा घालून कामावर जात होता. एके दिवशी दोघांनी एकमेकांना पकडलं, कडाक्याचं भांडण झालं, आणि शेवटी तह झाला: स्वतःची वस्तू स्वतः घ्यायची नाही. तिचं त्याने आणायचं, त्याचं तिने. त्या आठवड्यात कोट आला, बूट आले. पुढे परिस्थिती सुधारली, खोलीचं घर झालं, मुलगी झाली, ती शिकून परगावी गेली. कायदा तेवढा राहिला. तीस वर्षांत त्याने स्वतःचा एक शर्ट विकत घेतला नव्हता. तिने स्वतःची एक चप्पल.

सुचवणंसुद्धा कायद्यात बसत नव्हतं. दुसऱ्याने ओळखायचं. त्यातच तर मजा, असं तो म्हणायचा. तो मनापासून आणायचा, आणि चांगलं आणायचा; पण आणायचा त्याला सुचेल ते. आजवर तिला सात छत्र्या मिळाल्या होत्या, डोक्याला बांधायची बॅटरी, घडीची शिडी, आणि एका वाढदिवसाला घरातल्या नळाचं पाणी किती जोरात येतं ते मोजायचं यंत्र. ते यंत्र मात्र तिला खरंच आवडलं होतं. गाडी त्याला सुचणं शक्य नव्हतं. लिफ्टवाल्याच्या डोक्यात वाहन म्हणजे माणसाला धक्का न लागता इथून तिथे नेणारी वस्तू. न लागलेला धक्का हीच त्याची आयुष्यभराची कमाई.

पैशाची अडचण नव्हती, हे तिला हिशेब न करताही ठाऊक होतं. अडचण निराळीच होती. मुलीचं शिक्षण, सासूबाईंचं आजारपण, घराचं छत, या सगळ्याला 'साठी' हा शब्द जोडता यायचा: मुलीसाठी, सासूबाईंसाठी, घरासाठी. गाडीला तो जोडता येत नव्हता.

*

ती वजनं तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. दुकानांची, औषध कारखान्यांची, सोनारांची वजनं तिच्याकडे यायची आणि खरी की खोटी ते ठरवून परत जायची. तिथली पहिली शिस्त अशी की आलेलं वजन लगेच तोलायचं नाही. ते बाहेरची हवा, बाहेरची ऊब घेऊन आलेलं असतं. डबा उघडून त्याला खोलीत चोवीस तास नुसतं बसू द्यायचं. खोलीचं आणि त्याचं तापमान एक झालं की मग हातमोजे घालून, चिमट्याने उचलून काट्यावर ठेवायचं. घाई केली तर चूक वजनाची नसते, आपली असते.

गाडीची इच्छाही तिने अशीच बसू दिली होती. फक्त चोवीस तासांच्या जागी सदतीस वर्षं झाली, एवढंच. निवली असेल, असं तिला दर काही वर्षांनी वाटायचं. त्या आठवड्यात खोलीत दोन किलोचं पितळी वजन समोर ठेवून ती बसली असताना तिला कळून चुकलं की ती निवलेली नाही. टेकडीवरचं तिसरं वळण दर दहा मिनिटांनी पोटातून जात होतं.

शेजारच्या टेबलावर काटेमास्तर बसायचे. बिघडलेले तराजू दुरुस्त करणारा माणूस. नाव सगळे विसरले होते, त्यांच्यासकट. गाडीचं नाव न काढता तिने विचारलं, की ज्याचा काही उपयोग नाही अशी वस्तू माणसाने घ्यावी का.

"मी कबुतरं पाळतो, ताई," काटेमास्तर भिंगातून डोळा न काढता म्हणाले.

"त्यांचा काय उपयोग?"

"घाण करतात."

"मग?"

"संध्याकाळी सोडतो, अन् परत येतात." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "कितीचा तराजू घ्यायचाय?"

तराजू नाही, म्हणाली ती, आणि पितळी वजनाकडे वळली.

तिने कारणं शोधून पाहिली. कामावर जायला? बस दारात थांबते. मुलीकडे जायला? मुलगी आगगाडीने आठ तासांवर, आणि या गाडीच्या मागच्या कप्प्यात जेवणाचा एक बरासा डबा मावला तरी पुष्कळ. मोकळ्या हवेत बसलं की रक्तदाब उतरतो, असंही एक कारण डोक्यात आलं. ते तिचं तिलाच इतकं खोटं वाटलं की ती लाजली. एखादं वजन खोटं निघालं तर ती त्यावर लाल शिक्का मारून परत पाठवायची. त्या आठवड्यात तिने स्वतःच्या सगळ्या कारणांवर लाल शिक्के मारले, आणि शेवटी हाती उरलं ते एकच, कागदावर लिहिण्याजोगं नसलेलं: मला हवीय.

*

शुक्रवारी सकाळी तिने पाहिलं तर नवरा बाल्कनीत व्यायाम करत होता. साठीला आलेला, सहा फुटी, तीस वर्षं लिफ्टच्या खड्ड्यांत उतरून गुडघे कामातून गेलेला माणूस एक पाय कठड्यावर टाकून पुढे वाकत होता आणि दर वाकण्याला शिट्टीसारखा श्वास सोडत होता. हे काय चाललंय, विचारलं तर म्हणाला, वय झालं, लवचीक राहायला हवं. संध्याकाळी त्याच्या खिशात नवा गॉगल दिसला. स्वतः घेतलेला. कायदा मोडून. ती चरकली.

शनिवारी संध्याकाळी जेवताना त्याला राहवलं नाही.

"मला कळलंय," तो ताटात बघत म्हणाला.

तिचा घास हातातच राहिला.

मग त्याने सगळं सांगितलं. डॉक्टरांचा फोन बुधवारीच आला होता, ती कामावर असताना. उंच माणसाला ती गाडी जाचते. पैसे मोजण्याआधी एकदा बसून बघा, असं ते म्हणाले. डॉक्टर माणूस, आधी तपासणी मग औषध. नवऱ्याला क्षणात उलगडा झाला: साठीची भेट. तो गुरुवारी जाऊन बसून आला. कोपऱ्यापर्यंत चालवूनही आला.

"मी म्हटलं, तुला सांगू नये. पण आनंद लपेना." हे तो ज्या आवाजात बोलला तो आवाज तिच्या ओळखीचा होता. केशरी चौकड्यांचा शर्ट तिने आणला, तेव्हा याच आवाजात तो "झकास" म्हणाला होता, आणि पुढची चार वर्षं तो शर्ट नेमाने घालत होता.

"आवडली?" तिने विचारलं.

"म्हणजे काय! छानच आहे. जरा बुटकी आहे. पण छान." तो पाणी प्यायला. "तू बाजूला बस. तुला वारा आवडतो."

तिला एकीकडे त्याची कीव येत होती, दुसरीकडे डोक्यात एक चोर शिरला होता, आणि तो हळूच सांगत होता की गाडी घरात येतेय. कुणाच्या का नावाने होईना. गाडी दारात उभी राहील, किल्ली खुंटीला लटकेल, नवरा दुपारी झोपला की दूध आणायला म्हणून... हा 'म्हणून' तिने तिथेच पकडला. म्हणजे इथून पुढेही दूधच आणायचं. शेजारी बसून त्याला वळणं घेताना पाहायचं, आणि अधूनमधून चोरून चालवायची, स्वतःचीच गाडी.

तेवढ्यात मुलीचा फोन आला. बाबांनी तिला आधीच बातमी दिली होती. ती हसून हसून बेजार झाली होती. बाबा आणि स्पोर्ट्स कार, म्हणजे वळणाआधी हॉर्न वाजवून लिफ्टसारखी प्रवाशांना बाहेर यायची सूचना देणार का, वगैरे. मग म्हणाली, "आई, तू ना, कमाल आहेस. स्वतःसाठी कधी रुमाल घेतला नाहीस, आणि बाबांना गाडी."

कौतुक होतं ते. तिला ते गालावर चापट बसावी तसं लागलं.

*

रविवारी सकाळी ढग नव्हते, वारा नव्हता, रस्ते कोरडे. यापेक्षा चांगला दिवस गाडीला मिळाला नसता. डॉक्टरांनी गॅरेजचं दार आधीच उघडून ठेवलं होतं आणि गाडी पुसून टाकली होती. मधली पट्टी मात्र तशीच धुळीची राहिली होती, जिथे त्यांना दिसत नव्हतं तिथे.

"दोघं एक फेरी मारून या," ते म्हणाले. "मी कागद काढून ठेवतो."

नवरा गाडीत बसला, ते बघण्यासारखं होतं. आधी एक पाय आत घातला, मग दाराला धरून खाली झाला, मग दुसरा पाय हाताने उचलून आत घेतला. गुडघे स्टिअरिंगच्या दोन्ही बाजूंना वर आले. गॉगल लावून तो तिच्याकडे वळला आणि अंगठा वर केला. ती शेजारी बसली.

टेकडीच्या रस्त्याला तो लागला, पण त्या रस्त्याला त्याने लिफ्टच केलं. अलगद सुरुवात, अलगद थांबणं, वळणाआधी इतकं हळू की मागून आलेला सायकलवाला शिट्टी वाजवत पुढे गेला. पहिलं वळण, दुसरं वळण. तिसरं जवळ आलं तसा तिचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला गेला, जिथे काहीच नव्हतं. डावा हात मांडीवर गिअर शोधत होता. आता, ती मनात म्हणाली, आता दुसरा गिअर, आता सोड. इंजिन कुरकुरत राहिलं. वळण आलं आणि गेलं, वजन कुठेच गेलं नाही. गाडी एखाद्या पाहुण्यासारखी अवघडून चालली होती. आणि ती, त्या गाडीत बसलेली, हाताच्या अंतरावर चाक, पायाच्या अंतरावर पेडल, एकोणिसाव्या वर्षी बसथांब्यावर होती त्यापेक्षाही लांब होती. तिथे निदान आवाज तरी ऐकू आला होता.

"कशी वाटते?" नवऱ्याने विचारलं. त्याच्या कपाळावर घाम होता.

"तुम्ही सांगा."

"मस्त," तो म्हणाला, आणि गुडघ्याला कळ आली तशी त्याने ओठ दाबले. कळ दिसू नये म्हणून त्याने चेहरा खिडकीकडे वळवला, आणि तिथे खिडकी नव्हतीच.

परत आल्यावर तो उतरला तेव्हा आधी हात जमिनीला टेकवावे लागले. डॉक्टरांनी ते कडेच्या नजरेने पाहिलं असणार. गॅरेजातल्या लाकडी बाकावर त्यांनी कागद मांडले होते, आणि वर उडू नयेत म्हणून एक पाना ठेवला होता.

तिच्या ओठांवर एक वाक्य तयार होतं. रस्ताभर ती ते जुळवत आली होती: तुमच्या गुडघ्यांना जाचतेय, राहू द्या, आपण दुसरं काही बघू. वाक्य खरं होतं. त्याची सुटका झाली असती, त्याने वरवर दोनदा नाही म्हटलं असतं आणि मग मनापासून हुश्श केलं असतं. दुपारी अकरा गाड्यांच्या गृहस्थांनी बारावी नेली असती. आणि रात्री ती पुन्हा त्याच्यासाठी काहीतरी सोडून दिलेली बाई झाली असती, घरातल्या कायद्याप्रमाणे, सगळ्यांच्या कौतुकात.

खरं वाक्य, पण खोट्या बाजूला ठेवलेलं. काटा कुठे जातोय हे तिला स्वच्छ दिसत होतं.

"या रकान्यात मालकाचं नाव," डॉक्टर म्हणाले, आणि पेन कुणाला द्यायचं ते न दिसल्यामुळे दोघांच्या मधे धरलं. "साहेब, तुमचं पूर्ण नाव सांगा. मला लिहिता येत नाही सरळ, तुम्हीच लिहा."

नवऱ्याने पेन घेतलं. टोपण काढलं. मग तो तिच्याकडे बघून थांबला. तीस वर्षांत तो तिच्या किमान अर्ध्या गोष्टी न सांगता ओळखत आला होता. आणि आत्ता तो काहीतरी ओळखू पाहत होता, पण कुठून सुरू करावं ते त्याला सापडत नव्हतं.

"काय गं?" तो हळूच म्हणाला. "महाग वाटतेय का? बघ, माझ्यासाठी एवढं नको. खरंच नको. मला काय, व्हॅनसुद्धा पुरते."

"माहितेय."

"मग?"

डॉक्टर बाजूला झाले नाहीत. त्यांना वाटलं असावं, दोघं किमतीचं बोलताहेत. बाहेर कुणीतरी गेट लोटलं आणि ते बिजागरीवर करकरलं. तिच्या छातीत काहीतरी इतक्या जोरात आपटत होतं की ते मोजायची तिला सवयीने इच्छा झाली, आणि तिने मोजलं नाही. हातमोजे नाहीत, चिमटा नाही. तिने पुढे होऊन त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं.

"रागावू नका," ती म्हणाली. "तुमच्या साठीसाठी नाहीये ही. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. मला एकोणिसाव्या वर्षापासून अशी गाडी हवीय. कामाला नाही, कुठे जायला नाही, कुणासाठी नाही. नुसती चालवायला. गाडी मी घेणार आहे, माझ्या नावावर, माझ्यासाठी."